चुकलेल्या गुरूकडे नीट कसं पाहावं: सीअर जुंडासाठी दोन जेडाय गेम खेळण्याची एक पद्धत

'स्टार वॉर्स जेडाय: फॉलन ऑर्डर' हा गेम 15 नोव्हेंबर 2019 रोजी आला. तेव्हापासून त्यातल्या लढाया, उड्या, थडग्यांमधली कोडी आणि बीडी-वन नावाचा छोटा यंत्रसोबती यांच्याबद्दल भरपूर बोललं गेलं. मला मात्र त्या गेममधून जी व्यक्ती सोबत घेऊन उठावीशी वाटते ती सीअर जुंडा. नायक कॅल केस्टिसची ती गुरू. एकेकाळची जेडाय, म्हणजे फोर्स नावाच्या अदृश्य शक्तीच्या बळावर लढणाऱ्या योद्ध्यांच्या पंथातली, आणि गेम सुरू होतो तेव्हा फोर्सशी असलेलं नातं स्वतःच तोडून बसलेली. डेब्रा विल्सन या अभिनेत्रीने तिला आवाज आणि हालचाली दोन्ही दिल्या आहेत.

पहिल्यांदा खेळताना मी तिला जवळजवळ गमावलं होतं. मोहिमेवरून जहाजावर परतायचं, नकाशावरचा पुढचा ग्रह निवडायचा आणि निघायचं, असं चाललं होतं माझं. कथा कळली, पण सीअर कळली नाही. दुसऱ्या वेळी हळू खेळलो, शेजारी कागद घेऊन. तेव्हा लक्षात आलं की या बाईचं धैर्य शेवटच्या लढाईत अचानक उगवत नाही. ते टप्प्याटप्प्याने वाढतं आणि प्रत्येक टप्पा तिच्या एकेका कबुलीशी बांधलेला आहे. ते पाहायचं कसं, ते इथे क्रमाने लिहितो.

पुढे 'फॉलन ऑर्डर' आणि 28 एप्रिल 2023 रोजी आलेला त्याचा पुढचा भाग 'सर्व्हायव्हर', दोन्हींची कथा शेवटापर्यंत उघड केली आहे. गेम कोरे खेळायचे असतील तर फक्त पहिला टप्पा वाचा आणि बाकीचं नंतर.

पहिला टप्पा: बैठक जमवा

'फॉलन ऑर्डर'ची मुख्य कथा साधारण 15 ते 20 तासांत होते. ती तीन-चार दिवसांत संपवू नका. एका बैठकीत एक ग्रह, एवढा वेग पुरे.

कठीणपणाच्या चार पातळ्या आहेत. सर्वांत सोपी 'स्टोरी मोड'. लढाईची आवड असेल तर 'जेडाय नाइट' घ्या, पण एकाच शत्रूसमोर वीस वेळा मरून चिडचिड होऊ लागली तर निःसंकोच पातळी खाली आणा. चिडलेल्या मनाने पुढचं दृश्य पाहिलं की त्यातलं निम्मं निसटतं, आणि इथे महत्त्वाची दृश्यं नेमकी मोठ्या लढायांनंतर येतात.

सबटायटल्स चालू ठेवा. सीअर हळू, खालच्या पट्टीत बोलते. तिच्या वाक्यातला थांबा पुष्कळदा शब्दांइतकाच बोलका असतो, आणि जहाजाच्या घरघरीत तो ऐकू येत नाही. शक्य असेल तर हेडफोन लावा.

आता कागद. त्यावर तीन रकाने आखा: 'सांगितलं', 'लपवलं' आणि 'कशामुळे बोलली'. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे. कोणी जाब विचारला म्हणून बोलली, की आपणहून, एवढंच त्यात लिहायचं. संपूर्ण पद्धतीचा कणा हाच.

दुसरा टप्पा: मँटिसवर रेंगाळा

ऑर्डर 66, म्हणजे जेडायांना ठार मारण्याचा हुकूम, सुटल्यानंतर पाच वर्षांनी गोष्ट सुरू होते. जेडाय पंथ संपवला गेला आहे आणि जे वाचले ते लपून राहत आहेत. कॅल ब्राका ग्रहावर जुनी जहाजं तोडण्याच्या कामावर लपला आहे. मित्राला वाचवायला तो फोर्स वापरतो आणि उघडा पडतो. साम्राज्याची जेडायशिकारी (इन्क्विझिटर), सेकंड सिस्टर, त्याच्या मागे लागते. ऐन वेळी 'स्टिंगर मँटिस' जहाजातून सीअर आणि चालक ग्रीझ येतात आणि त्याला उचलून नेतात.

इथून पुढे प्रत्येक मोहिमेनंतर जहाजावर आलात की लगेच नकाशाकडे जाऊ नका. सीअर कुठे उभी आहे ते बघा, तिच्याजवळ जा, बोला. एक संवाद संपला की ग्रीझकडे जा, तो काय म्हणतो ते ऐका आणि पुन्हा तिच्याकडे या. कॅलने काय बोलावं हे या गेममध्ये आपल्याला निवडता येत नाही. काहींना ही उणीव वाटते. मला ती सोय वाटते, कारण आपलं सगळं लक्ष ऐकण्यावर राहतं.

जहाजात सीअरचं हॅलिकसेट नावाचं तंतुवाद्य आहे. कॅलकडे वस्तूला हात लावून तिच्यात साठलेल्या आठवणी जाणण्याची दुर्मिळ शक्ती आहे. पहिल्याच प्रवासात या वाद्याशी येणारा प्रसंग सावकाश पाहा. ही बाई तोंडाने जे बोलणार नाही ते तिच्या वस्तूंमध्ये अडकलं आहे, हे गेम तिथेच सुचवून ठेवतो.

या टप्प्यावर कागदावर साधारण एवढं येईल. सांगितलं: मी जेडाय होते, फोर्सशी नातं तोडलं आहे, माझे गुरू ईनो कॉर्डोव्हा यांनी फोर्सची देणगी असलेल्या मुलांची यादी एका होलोक्रॉनमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या जेडाय पेटीत, लपवली आहे, ती मिळवून पंथ पुन्हा उभारायचा आहे. लपवलं: हा रकाना तूर्त रिकामा ठेवा. तो भरायला थोडा अवकाश आहे.

तिसरा टप्पा: झेफोवरचा आघात, आणि दोन चुका वेगळ्या करणं

झेफो ग्रहावर मिक्ट्रलच्या थडग्याचा भाग झाला की सेकंड सिस्टरशी झुंज होते. ऊर्जेच्या पडद्यापलीकडून ती कॅलला आपलं खरं नाव सांगते: ट्रिला सुदुरी, सीअरची शिष्या. सीअरनेच मला शत्रूच्या हाती दिलं, असं ती सांगते, आणि उद्या तुझ्याही बाबतीत हेच होईल असं बजावते.

यानंतर कॅल पकडला जातो, त्याला आखाड्यात झुंजावं लागतं, सीअर आणि ग्रीझ त्याला सोडवून आणतात. मग मँटिसवर तो सीअरसमोर उभा राहून विचारतो. ती मान्य करते. लहान मुलांना आणि ट्रिलाला लपवून ठेवून ती सैनिकांना दुसरीकडे ओढून न्यायला निघाली होती. पकडली गेली. छळ झाला. त्या छळात तिने ट्रिलाचा ठावठिकाणा सांगितला.

इथे गेम थांबवा. खरंच थांबवा, कंट्रोलर खाली ठेवा, कारण बहुतेक खेळाडू नेमके इथे दोन वेगळ्या गोष्टींचं एकच गाठोडं बांधतात.

पहिली गोष्ट कोठडीतली. छळाखाली माणूस तुटतो. त्याला दोष म्हणायला माझं मन तयार होत नाही. शरीराची एक मर्यादा असते आणि ती कुठे आहे हे छळणाऱ्यालाच जास्त ठाऊक असतं. सीअर स्वतःला यासाठी माफ करत नाही, ती तिची वेदना. आपण तिचा न्याय करायला बसण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट जहाजावरची. ब्राकापासून झेफोपर्यंत सीअरला माहीत होतं की कॅलच्या मागावर असलेली शिकारी कोण आहे. ती काय हत्यार चालवते, कुठल्या घावाने हल्ला करते, तिच्या रागाचं मूळ कशात आहे, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने एका कोवळ्या मुलाला त्या शिकारीसमोर काही न सांगता पाठवलं. इथे कोणी तिचा छळ करत नव्हतं. बोलायला वेळ होता, जागा होती. ती बोलली नाही, कारण सांगितलं तर हाही शिष्य जाईल अशी भीती. हा तिचा खरा दोष, आणि तो गुरूचा दोष आहे.

आता 'लपवलं' हा रकाना भरा आणि 'कशामुळे बोलली' यात लिहा: शत्रूने फोडल्यावर, शिष्याने जाब विचारल्यावर. म्हणजे ही पहिली कबुली तिच्याकडून ओढून काढावी लागली.

आपल्याकडे गुरूचा दोष मोठ्याने बोलायचा नाही, अशी एक खोल सवय आहे. पण एकलव्याचा अंगठा मागणारे द्रोण महाभारताने झाकून ठेवलेले नाहीत. ते वाचून द्रोणांची धनुर्विद्या कमी होत नाही आणि अंगठाही परत येत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर राहतं. सीअरकडे बघताना हीच शिस्त हवी. 'तिचा नाइलाज होता' म्हणून सगळं पुसून टाकलं तर पुढचं तिचं धैर्य बघायला आपल्याकडे मोजपट्टीच उरत नाही.

चौथा टप्पा: तुटलेली लाइटसेबर

डॅथोमिर ग्रहावर कॅलला आपला मृत गुरू जारो तपाल दिसतो. ऑर्डर 66 च्या वेळी कॅलला वाचवताना त्याचा जीव गेला होता आणि ते ओझं कॅल तेव्हापासून वाहतो आहे. त्या आभासाशी लढताना त्याची लाइटसेबर, म्हणजे जेडायची प्रकाशाची तलवार, फुटते. जहाजावर परततो तो पार खचलेला.

इथला संवाद दोनदा पाहावा असा आहे. गेममध्ये मागच्या प्रसंगावर परत जाता येत नाही, म्हणून ही बैठक सुरू करण्याआधी कन्सोलची किंवा संगणकाची रेकॉर्डिंगची सोय चालू ठेवा.

सीअर या वेळी उरलेलं सांगते. इन्क्विझिटर झालेली ट्रिला तिच्यासमोर आली तेव्हा तिच्या आतलं काहीतरी फुटलं. तिने फोर्सच्या काळ्या बाजूची, रागातून येणारी ताकद वापरून आसपासच्या लोकांना मारलं आणि त्या संहारातून ती सुटली. फोर्सशी नातं तोडण्याचं खरं कारण हे. पुन्हा तो दरवाजा उघडला तर आपण काय होऊ, याची तिला धास्ती आहे.

तिसऱ्या रकान्यात काय लिहाल? कॅलने हे विचारलेलं नव्हतं. ट्रिलाने हे फोडलेलं नव्हतं. सीअर गप्प राहिली असती तर कोणाला कळलंही नसतं. समोरचा मुलगा स्वतःच्या अपराधाखाली दबला आहे हे पाहून तिने आपला त्याहून काळा प्रसंग त्याच्यापुढे ठेवला. मग स्वतःची लाइटसेबर त्याच्या हाती दिली. कॅल आयलम ग्रहावर नवा स्फटिक शोधतो आणि आपली शस्त्रं नव्याने बांधतो, तेव्हा त्याच्या हातात दोन गुरूंचं काहीतरी असतं.

शिकवणं म्हणजे तंत्र दाखवणं, असं आपण धरून चालतो. सीअर या गेममध्ये कॅलला तलवारीचा एकही हात शिकवत नाही. कौशल्यं त्याला स्वतःच्या आठवणींतून परत मिळतात, ग्रहांचे इतिहास कॉर्डोव्हाच्या ध्वनिचित्रांतून कळतात. सीअर शिकवते ते एकच: घडलेलं घडलं असं मान्य करून उभं राहणं. डॅथोमिरवर परत गेल्यावर कॅल जारो तपालच्या आभासाशी लढत नाही, आणि म्हणूनच पुढे जातो. तो धडा त्याला मँटिसवर मिळालेला आहे. हा दुवा पहिल्या वेळी माझ्या नजरेतून सुटला होता.

पाचवा टप्पा: नूरचा किल्ला

कॅलला मिळालेला होलोक्रॉन ट्रिला पळवते आणि नूरवरच्या पाण्याखालच्या इन्क्विझिटर किल्ल्यावर धडक मारायची वेळ येते. निघण्याआधी सीअर कॅलला जेडाय नाइट करते. पंथ उरलेला नाही, परिषद उरलेली नाही, मँटिसवर मोजकी माणसं आहेत, तरी ती तो विधी पूर्ण गांभीर्याने करते. त्या वेळी तिचे हात बघा.

मग ती स्वतः त्याच्याबरोबर जाते. ज्या लोकांनी तिचा छळ केला त्यांच्याच घरात, फोर्सशी नातं पुन्हा जोडून. गेमची जाहिरात हेच दृश्य धैर्याचं म्हणून दाखवील आणि ते चुकीचं नाही. पण मला त्याहून अवघड वाटतो तो पुढचा क्षण, कॅल आणि ट्रिलाची लढाई संपल्यानंतरचा. सीअर ट्रिलासमोर येते आणि तिची क्षमा मागते. जाब विचारणारं कोणी नाही, बदल्यात काही मिळणार नाही, आणि समोर जी आहे तिला क्षमा न करण्याचा पुरेपूर हक्क आहे. ट्रिलाचा चेहरा क्षणभर सैल पडतो.

तेवढ्यात साम्राज्याचा सर्वांत भयंकर योद्धा डार्थ व्हेडर येतो आणि ट्रिलाला ठार करतो.

या ठिकाणी कागदाकडे बघा. पहिली कबुली ओढून काढलेली, दुसरी शिष्यासाठी आपणहून दिलेली, तिसरी जिच्याविरुद्ध अपराध घडला तिच्या तोंडावर. माझ्या मते संपूर्ण गेमचा चढ हाच आहे.

पुढे व्हेडरला थोपवून धरताना सीअरच्या अंगात तोच जुना राग भरतो. तू उत्तम इन्क्विझिटर झाली असतीस, अशा अर्थाचं व्हेडर तिला म्हणतो. कॅल तिला परत ओढतो. गुरूने शिष्याला सावरायचं, हे नातं इथे उलटं फिरतं. गेमच्या शेवटी कॅल होलोक्रॉन नष्ट करतो, म्हणजे पंथ पुन्हा उभारण्याचं सीअरचं स्वप्न संपवतो, आणि ती त्याला अडवत नाही. यावर दोन ओळी लिहून ठेवा: तुम्ही तिच्या जागी असता तर अडवलं असतं का?

सहावा टप्पा: 'सर्व्हायव्हर'मधली सीअर

दोन गेमच्या मध्ये निदान आठवडाभर जाऊ द्या. कथेतही पाच वर्षं गेली आहेत आणि मँटिसवरची माणसं पांगली आहेत.

इथली सीअर वेगळी दिसते. जेडा ग्रहावर तिने वाळवंटातल्या जुन्या मठात ग्रंथसंग्रह उभा केला आहे, परागंदा लोकांना ती वाट दाखवते, आणि कॉर्डोव्हाही तिच्यासोबत आहे. कॅल मात्र लढतच राहिला आहे. साम्राज्याशी सामना कसा करायचा यावर दोघांचे मतभेद आहेत. भेट झाल्यावरचे त्यांचे संवाद सलग ऐका, आणि मधे जेडावर जेव्हा जेव्हा परत याल तेव्हा आधी संग्रहात जाऊन तिला गाठा. मतभेद असूनही ती त्याला परत मिठीत घेते, पण आपली भूमिका सोडत नाही. चुका केलेल्या माणसाला मत मांडण्याचा हक्क उरत नाही असं मानणाऱ्यांनी हा भाग जरूर पाहावा.

मग कॅलचा साथीदार बोड अकुना विश्वासघात करतो. तो कॉर्डोव्हाला मारतो, साम्राज्याचं सैन्य जेडावर उतरतं, आणि गेम अचानक आपल्या हाती सीअर देतो. इथे दोन व्यावहारिक सूचना. लढाई सुरू होताच पातळी एक पायरी खाली आणा, कारण सीअरच्या चाली कॅलहून वेगळ्या आहेत आणि त्या शिकायला आपल्याला फार थोडा वेळ मिळतो. दुसरी, तिची फोर्सची ताकद हात राखून वापरू नका. पहिल्या गेममध्ये नूरपर्यंत जिने ती ताकद वापरायला नकार दिला तिच्या हातून ती आता शांतपणे वाहते, हे आपल्या बोटांना जाणवणं फार मोलाचं आहे.

मठ जळत असताना ती व्हेडरसमोर उभी राहते. नूरच्या किल्ल्यात याच माणसासमोर राग तिला गिळू पाहत होता. इथे तिचं लढणं स्थिर आहे. ती हरते, मरते. पण व्हेडरला जेरीस आणून, आणि पळणाऱ्यांना वेळ मिळवून देऊन.

यानंतर कॅल शोकात बुडतो आणि काळ्या बाजूकडे झुकतो. ती ताकद वापरण्याची वेळ येते तेव्हा बटण आपणच दाबतो. मी ते दाबताना सीअरची आयलमआधीची कबुली आठवली आणि अंगठा थबकला. तुमच्या कागदावर चौथ्या टप्प्याची नोंद नीट असेल तर तुमचाही थबकेल.

सातवा टप्पा: दुसऱ्या कोणासोबत

जमलं तर हे सगळं एकट्याने करू नका. मित्र, धाकटा भाऊ, मोठी झालेली मुलगी, कोणीही चालेल. छळाचे प्रसंग आहेत, म्हणून फार लहान मुलं नकोत. एकाने खेळावं, दुसऱ्याने कागद सांभाळावा आणि झेफोनंतर अदलाबदल करावी. कोठडीतली चूक आणि जहाजावरची चूक यांवर वाद होऊ द्या. माझ्या एका मित्राला अजूनही वाटतं की सीअरने ब्राकावरच सांगितलं असतं तर कॅल पहिल्या रात्रीच पळून गेला असता, आणि मग तिचा नाही तर त्याचाच जीव गेला असता. मला ते पटत नाही, पण त्याच्या म्हणण्यामुळे मी ती दृश्यं तिसऱ्यांदा पाहिली.

आठवा टप्पा: परत ब्राकावर

'फॉलन ऑर्डर'मध्ये मे 2020 च्या अपडेटने 'न्यू जर्नी प्लस' आलं. एकदा पूर्ण झालेला गेम त्यातून पुन्हा सुरुवातीपासून खेळता येतो. दोन्ही गेम संपवून झाले की तो सुरू करा, फक्त पहिल्या तासाभरासाठी.

पाऊस, धावती आगगाडी, सेकंड सिस्टर कॅलवर चालून येते, आणि मँटिसमधून सीअर बंदूक रोखून तिच्यावर गोळ्या झाडते. पहिल्या वेळी ही फक्त एक अनोळखी सुटका करणारी होती. आता तिचा चेहरा नीट पाहा. मुखवट्यामागे कोण आहे हे त्या क्षणी गाडीवरच्या कॅलला माहीत नाही, आपल्यालाही माहीत नव्हतं. तिला माहीत आहे. कागदावरच्या 'लपवलं' या रकान्याची पहिली ओळ इथली आहे. वर जागा सोडली असेल तर तिथे ती लिहा.